घरबशे, उंडगे आणि चिमट्याचं टोक

ती. सौ. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि आतोबांचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील, असं धरून चालते. प्रत्येक पत्रात तू विचारतेस, कुठे स्थिर झालीस का? अगं, ज्यांच्या मागे मी लागले आहे ते युरेनियमचे इलेक्ट्रॉनच अजून स्थिर नाहीत, तिथे माझी काय कथा!

इथला वाद एकच. हे इलेक्ट्रॉन आपापल्या अणूत घर धरून बसतात, की स्फटिकभर उंडारतात? ते कळायला स्फटिक गार करत न्यायचा आणि चुंबकत्व मोजायचं. घरबशे असतील तर गारठा वाढेल तसे चुंबकापुढे जास्त शिस्तीत उभे राहतात. उंडग्यांना गारठा काय नि उकाडा काय, सारखंच. आमचे साहेब उंडग्यांच्या बाजूचे (सजातीयांचं प्रेम), मी घरबशांच्या. समितीला निकाल पटला तर माझी नोकरी पुढे चालू, नाहीतर नारळ.

स्फटिक मोजायच्या नळीत साहेबांनी स्वतः भरला. (समोर पितळी चिमटा असताना पोलादी घेतला. पितळी म्हणे बायकी दिसतो.) आकडे आले ते दांडगे, आणि गारठ्याने त्यांना ढिम्म फरक नाही. साहेब समितीपुढे असे उभे राहिले, जणू युरेनियम त्यांनीच जन्माला घातलं. मी तिथेच सहज कपाट उघडलं, तर स्फटिक डबीत जिथल्या तिथे. चिमट्याचं टोक मात्र तुटलेलं. चष्म्याशिवाय साहेबांनी ते टोकच नळीत भरलं होतं, आणि आम्ही इतके दिवस पोलादाची नाडी बघत होतो.

"साहेब, युरेनियम अजून कपाटातच आहे," मी म्हणाले.

"असू दे. निष्कर्ष तोच राहणार," साहेब म्हणाले.

समितीतल्या एका गृहस्थांना हसून हसून ठसका लागला. साहेबांचं म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

मग खरा स्फटिक मी पितळी चिमट्याने भरला. गारठ्यात चुंबकत्व वाढत गेलं, आणि अगदी गार झाल्यावर वाढायचं थांबलं. म्हणजे मेले अर्धे घरबशे, अर्धे उंडगे. साहेब चुकले, मीही चुकले. पण मी निदान युरेनियम मोजून चुकले.

तुझी लाडकी (अजून असेन तर) भाची

ता. क. आतोबांना हे पत्र चष्मा लावूनच वाचायला सांग.

आणखी ता. क. मला नारळ मिळाला. शेऱ्यात साहेबांनी लिहिलंय, 'वृत्ती स्थिर नाही.' तुमची माडीवरची खोली रिकामी आहे ना? पेट्या कालच रवाना केल्या. कुठे स्थिर झालीस, याचं उत्तर त्यांच्यावर पत्ता म्हणून लिहिलंय.