धाकलूबाबांची गिनती

कारागृह वसाहत,
कार्तिक, दिवस कापणीचे

ती. ज्ञानेश्वर भावोजींना भगीरथाचा वाकून नमस्कार. (यात विनय थोडा आहे. बादल्या उचलून कंबर खरोखरच वाकली आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? धसईच्या बाजारात एक जुडी मेथी घेईपर्यंत तुम्ही तीन दुकानांच्या पायऱ्यांवर बसता, असं ताई सांगत होती. मास्तरकीत चाळीस वर्षं दुसऱ्यांना उठाबशा काढायला लावल्या, त्याचं हे व्याज असावं. तात्यांना जाऊन अकरा महिने झाले. खोली तशीच असेल. चार वर्षं तुम्ही वडिलांचं अंथरुणातलं सगळं हाताने केलंत, तेव्हा मला तुमचं नवल वाटे. आता वाटत नाही, कारण तेच मी सरकारी पगारावर करतो.

भरतीच्या वेळी मला सोळाशे मीटर पळवलं होतं; हेतू असा की पळणारा कैदी धरता यावा. माझ्या बराकीतला सर्वांत चपळ कैदी आज बहात्तर वर्षांचा आहे आणि तो संडासाला निघाला की मी पेपर वाचून पुरा करतो. आजोबांनी मला संस्कृत पाठशाळेत घातलं ते पोटापाण्याचं व्हावं म्हणून. तिथून थेट तुरुंगात आलो, म्हणजे त्यांची इच्छा पुरी झाली. नाव भगीरथ ठेवलं तेही फळलं. गंगा रोज आणतो, नळावरून, बादलीने, आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यावर ओततो. नखं कापतो, कवळ्या शोधतो. (परवा दोघांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली होती. दोघेही म्हणाले, आता बरी बसते.)

त्यातले एक धाकलूबाबा. वय ऐंशीच्या घरात, वैशाखरे गावाच्या बाजूचे. सोळा वर्षांपूर्वी बांधाच्या वादात त्यांनी सख्ख्या थोरल्या भावावर, धोंडीवर, कोयता चालवला. धोंडी तिथेच गेला. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ गिनती होते. कैद्यांनी जोडीजोडीने उकिडवं बसायचं, आम्ही दोन, चार, सहा असं मोजत जायचं. (पाठशाळेत घोकलेलं द्विवचन आयुष्यात कामी आलं ते एवढंच.) दोन वर्षांपासून धाकलूबाबा शेजारी कुणाला बसू देत नाहीत. "दादा येतोय, जागा ठेव रे," म्हणतात. ज्याला मारला तोच दादा. मारलं हे ते पार विसरलेत, दादा तेवढा शिल्लक आहे. मंगळवार भेटीचा, त्या दिवशी विचारतात, "दादा का नाय आला?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं. माणूस भिंतीला डोकं लावून संध्याकाळपर्यंत रडला, "कोनी मारला रे माज्या दादाला?" म्हणून. पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारलं, मी पुन्हा खरं सांगितलं, पुन्हा तेच रडणं. एका खुनाची शिक्षा कायद्याने एकदाच दिली होती. मी दर आठवड्याला देऊ लागलो. तिसऱ्या मंगळवारी म्हणालो, दादा कापणीत अडकलाय. ते म्हणाले, "हां, त्याला टाइम नाय." आणि भाकरी खाल्ली. माझ्या घोकलेल्या पाठांतरात या प्रसंगाला लागू पडेल असं काही नाही, मी सगळं आठवून पाहिलं.

आता वय आणि आजार पाहून सरकारने त्यांची उरलेली शिक्षा माफ केली. येत्या सोमवारी सुटका. चांगली बातमी, पण न्यायला कुणीतरी यावं लागतं. न आल्यास दाराबाहेर सोडून दार लावायचं. पत्रांना उत्तर नाही, म्हणून मुरबाडहून एसटीने मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. चूक एवढीच की ड्यूटीवरून तसाच खाकीत गेलो. अंगणात मुलगा, दीपेश, भाताचे भारे उतरवत होता. मला पाहून त्याने डोक्याची टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कदी गेला? बॉडी आमालाच न्यावी लागंल का?" मी म्हणालो, बाबा चांगले आहेत, सुटतायत. भावोजी, बाप जिवंत असल्याचं ऐकून चेहरा पडलेला मी प्रथमच पाहिला. "तुमीच ठेवा ना साहेब," तो म्हणाला. "तुमाला त्याची सवय हाय, आमची मोडली."

शेजारच्या अंगणात धोंडीची बायको, गोजरआजी, सूप घेऊन पाखडत होती. (बांध अजून मधे आहे, हातभर.) तिने सगळं ऐकलं होतं. "त्याला कायच आठवत नाय?" मी मान हलवली. "बरा हाय त्याचा. माजं तसं नाय रे बाबा." मग मला पाणी दिलं. मी निघालो तेव्हा सूप थांबवून म्हणाली, "थंडीत त्याची छाती भरते. शेक देत जा. पन हितं नको आणू." मी एसटीची वेळ विचारली.

वृद्धाश्रमांनी 'खून' शब्द वाचून फॉर्म परत केले. मी नेलं असतं, पण क्वार्टर तुरुंगाच्या आवारात. सुटलेल्या माणसाला पुन्हा आत आणलं तर साहेब मलाच आत ठेवतील. असो. तुम्हाला उगाच त्रास. ताईला आणि गुडघ्यांना जपा.

तुमचा मेव्हणा,
भगीरथ

ता. क. – तात्यांची भोकाची खुर्ची कुणाला देऊन टाकू नका.

ता. क. २ – म्हसा गावच्या गेल्या जत्रेत, मी आणलेली भजी खाताना, "घरात म्हातारं माणूस नसलं की ओसरी खायला उठते," असं तुम्ही म्हणाला होतात. नेणाऱ्याच्या रकान्यात मी तुमचं नाव लिहिलं आहे. नातं 'स्नेही'. खोडायचं असेल तर सोमवारी सकाळी दहाला स्वतः येऊन खोडावं लागेल. येताना रिक्षा करून या. शाल आणा.

ता. क. ३ – कोयता घरात असेल तर असू द्या, त्यांची मूठ आता वळत नाही. पण मोजल्याशिवाय ते जेवत नाहीत. सकाळ-संध्याकाळ अंगणात उकिडवे बसतील आणि शेजारी जागा ठेवतील. तुमचे गुडघे हो म्हणाले तर त्या जागी तुम्ही बसा. ताईला म्हणावं, मोठ्याने मोज. दोन.