गरम फवाऱ्याची गाडी कोणाला

मी, दीनानाथ वामन रेगे, वय एकाहत्तर, राहणार उइटहॉर्न, नेदरलँड्स, सोमवारी हृदयाची झडप बदलून घेणार आहे. बुद्धी शाबूत, आवाज त्याहून शाबूत. कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. मला दडपणारा अजून भेटायचा आहे.

१. घर व बचत पत्नी साधना हिला. भर सभेत माझा सदरा ओढून मला खाली बसवल्याचे हे बक्षीस नव्हे, तिचा हक्क आहे.

२. सर्व पुस्तके मराठी मंडळाला. मंडळाच्या सभेत माझा माईक बंद करणाऱ्या उल्हासने ती आधी वाचावीत.

३. गाडी. मालवाहू सायकलवर टाकी बसवून मी ती बांधली. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून ती मिठाचे पाणी तापवून त्यावर फवारते. नगरपालिकेचे मीठ टाकणारे ट्रक मोठे रस्ते मोकळे करतात. सायकलींच्या अरुंद पुलांवर ते चढत नाहीत, आणि माणसे आपटतात तिथेच! रस्ता काय फक्त मोटारवाल्यांचा आहे?

तरीही गाडी दोन हिवाळे गॅरेजमध्ये कुलपात आहे. कारण सून शलाका इंजिनिअर आहे आणि तिला माझी रचना बदलायची आहे. म्हणते, "बाबा, फवारायचंय की सूप करायचंय? अख्खी टाकी तापवण्यात बॅटरी संपते, दोन पुलांत गाडी बसते. गोठतं ते फवाऱ्याचं तोंड. तेवढंच तापवू या."

मी बजावले, माझ्या हयातीत एक स्क्रू हलणार नाही. पण हे यंत्र तिच्याइतके कोणाला कळलेले नाही. म्हणून माझ्या मृत्यूनंतर गाडी, आराखडे व किल्ली शलाकाला. मग हवे ते बदलावे.

इथवर लिहून झाल्यावर शेजारचे हरीश व शर्मिला साक्षीच्या सह्यांसाठी आले. हरीशने वाचून पेन खाली ठेवले.

"काका, म्हणजे शलाकानं तुमच्या मरणाची वाट बघायची आणि आम्ही तोवर पुलावर आपटायचं?"

"असं कुठे लिहिलंय?" मी गरजलो.

"असंच लिहिलंय," साधना म्हणाली. "आणि ओरडू नका, झडप सोमवारी आहे."

हजारांच्या सभेला मी उत्तर दिले असते. यांच्यासमोर हरीशने ठेवलेले पेन उचलले.

कलम ३ मी स्वतःच्या हाताने खोडले आहे. गाडी आता माझ्या मालमत्तेत नाही. आजच शलाकाला दिली. टाकी ती उद्या उतरवणार आहे. मी तिथे उभा असेन, आणि गप्प बसणार नाही.

सही: दीनानाथ वामन रेगे
साक्षीदार: हरीश काणे, शर्मिला काणे
उइटहॉर्न, १० जानेवारी २०२६