सोजरबाईचं पीठ आणि माझे डबे

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ३ नोव्हेंबर २०२४

चि. शिवानीस आज्जी सुंदरम्माचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यात आधी वर चढली ती सोजरबाई. तिचा लेक अजिनाथ अजून बोळात गाडी लावायला जागा बघतोय, सून फुलाबाई पिशव्या उतरवतेय, आणि ही बाई कमरेवर पोतं घेऊन माझा जिना चढतेय. तू फोनवरून आपली माडी ज्यांना भाड्यानं दिलीस, तीच ही नातेपुत्याची माणसं. दिवाळीच्या सुट्टीत फिरायला निघालीत. आठवडाभर हितं राहून अक्कलकोट, तुळजापूर, नळदुर्ग बघणार. मला वाटलं पोत्यात कपडे असतील. तर ज्वारीचं पीठ. त्याच्या मागून तांदूळ, डाळ, तेल, आणि ऐक, मीठसुद्धा.

वरचं स्वयंपाकघर मी कसं भरून ठेवलंय तुला ठाऊक हाय. आदल्या दिवशी दळून आणलेलं पीठ, तूरडाळ, गूळ, काळं तिखट, उखळात कुटलेली शेंगाची चटणी, कडक भाकरीची चळत. सोजरबाईनं एकेक झाकण उघडलं, वास घेतला, परत लावलं. म्हणाली, चांगलं हाय, पण परमुलखात परक्याचं पीठ पोटाला मानवत न्हाय. मागं एका ठिकाणी उतरलो तितं चहाच्या दोन पुड्या नि एक चमचा ठेवला होता, तवापासून आमी घरनंच समदं बांधून निघतो. मी म्हणाले, माझ्या घरात पाहुण्यानं मीठ आणायचं न्हाय, पोती खाली न्या. तर म्हणते, आमी पाहुणे कुटले, भाडं देऊन आलोय.

बाई मला लई आवडली. तुझे आजोबा गेल्यापासून माझ्याशी इतक्या तोलामोलानं कुणी भांडलंच न्हवतं. मी डबे हलवले न्हाईत, तिनं पोती हलवली न्हाईत. शेवटी पोती पलंगावर झोपली आणि माणसं खाली सतरंजीवर.

हे तुझ्या बाबाच्या कानावर घालू नको. एक जरी तक्रार आली तर माडीला कुलूप लावीन आणि अव्वा, तुला पुण्याला नेईन, ही त्यानं मला घातलेली अट तुला ठाऊकच हाय. म्हणून तर फोन न करता हे पत्र चादरींच्या पार्सलबरोबर पाठवते. फोनवर तो तुझ्या शेजारीच बसलेला असतो.

आज्जीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आज्जी

पुणे, ता. ५ नोव्हेंबर

ती. आज्जीस शिवानीचा शि. सा. न.

आज्जी, बाबांना कळलं, आणि माझ्याकडून नाही. अजिनाथदादांनी दुसऱ्याच सकाळी फोनवर आपल्या माडीच्या जाहिरातीखाली लिहून टाकलं की जागा छान, पण स्वयंपाकघर आधीच भरलेलं, आमचं सामान पलंगावर, आईची पाठ धरली. पाचपैकी दोनच चांदण्या दिल्यात.

बाबांचा हुकूम असा: सगळे डबे रिकामे करून पुसून ठेवायचे आणि फक्त चहा-साखरेच्या पुड्या ठेवायच्या. नाहीतर रविवारी ते कुलूप घेऊन तिकडे येणार आणि तुला घेऊनच परतणार. तुझ्यासाठी मागच्या खोलीतली त्यांची व्यायामाची सायकल त्यांनी कालच बाल्कनीत ढकलली, तेव्हा हे नुसतं बोलणं समजू नकोस. आठव्या मजल्यावर तू कुणाशी भांडणार? लिफ्टशी?

तेवढे चार दिवस डबे खाली आणून ठेव ना. मी तुझ्याच बाजूची आहे, पण बाबा माझं ऐकत नाहीत. लोभ आहेच, भांडणापुरता थोडा जास्त ठेव.
तुझी शिवानी

सोलापूर, ता. ७ नोव्हेंबर

चि. राजशेखर यास अव्वाचा आशीर्वाद. वि. वि.

तुझा हुकूम पोचला. डबे रिकामे होणार न्हाईत.

आपल्यात डब्याचा तळ कधी पुसत न्हाईत, मूठभर जुनं ठेवून त्यावर नवं ओततात. तुझे अप्पा गेले तवाही मी तळाची मूठ राखली. तळ पुसायचा तो घर बंद करताना, आणि मी घर बंद करत न्हाय.

तू लहान असताना आपण गाणगापूरला धर्मशाळेत उतरलो होतो. दुकानं मिटलेली, तू भुकेनं रडत होतास. फडताळात कुणीतरी दोन मुठी पीठ नि मिठाची पुडी ठेवून गेलं होतं. त्याची भाकरी तू खाल्लीस. कुणाचं पीठ ते, मला आजवर ठाऊक न्हाय. वाटसरूला भाड्यानं खोली देऊन चूल कोरडी ठेवायची, हे माझ्यानं व्हायचं न्हाय.

रविवारी जरूर ये. कुलूपही आण. जेवायला काय करू ते कळव.
अव्वा

सोलापूर, रविवार ता. १० नोव्हेंबर

चि. शिवानीस आज्जीचे आशीर्वाद, आज जरा चढ्या आवाजात.

तुझा बाबा आला, पितळी कुलूप घेऊन. सोजरबाईला मी सगळं सांगून ठेवलं होतं. त्यावरून तिनं अजिनाथला असं काही झाडलं की तो सकाळीच फुलाबाईला घेऊन नळदुर्गला पळाला. तिची तक्रार डब्यांची न्हवतीच की. पोती ठेवायला जागा न्हाय, एवढंच ती लेकाजवळ बोलली होती. ते त्यानं तिला न विचारता फोनवर चढवलं.

बाबानं जिन्यात उभं राहून मला सांगितलं, अव्वा, तुझं वय झालं, आता पुरे. मी वर गेले आणि स्वयंपाकघरात पाट टाकून बसले. सोजरबाई आली नि शेजारी बसली. मग मी हाक मारून सांगितलं, राजशेखर, कुलूप बाहेरनं घाल बाबा. तिचं पोतं हाय, माझे डबे हाईत, दोघींना संक्रांतीपर्यंत पुरंल. ती म्हणाली, व्हय की, पाणी तेवढं खिडकीतनं दे लेकरा.

तुझा बाबा दारात येऊन उभा राहिला. तोंड कडक, पण पोट हलत होतं त्याचं. हसू दाबलं की अप्पांचं असंच व्हायचं. मग चप्पल काढून आत आला नि म्हणाला, गाणगापूरची भाकरी मला आठवतेय, तीत खडा लागला होता. सोजरबाईनं त्याला आपल्या पिठाची भाकरी वाढली, मी माझ्या. कुणाची चांगली हे दोघींनी लई खोदून विचारलं, पण तो काही कबूल झाला न्हाय.

जेवल्यावर सुतार बोलावला. येणाऱ्यांनी घरनं आणलेलं सामान ठेवायला खिडकीखाली लांब फळी ठोकून घेतली. डबे जितल्या तितं राहिले. संध्याकाळी तो पुण्याला परतला, एकटाच. सायकल परत खोलीत घ्यायला सांग. मी न्हाय तर त्याला चालवायला काहीतरी पाहिजे.

आमच्या दोघींचं भांडण मात्र मिटलेलं न्हाय. ती माझ्या चटणीत लसूण कमी म्हणते.

लोभ असू दे, आणि बाबावरही असू दे.
तुझी आज्जी सुंदरम्मा

ता. क. माणसं उद्या निघतायत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला परत यायचं ठरलंय, भोगीच्या दिवशी सकाळी, १३ जानेवारीला. माडी दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.