दुप्पट भाव

रविवार, संध्याकाळ

अण्णांची जुनी मोटार आज विकली. विकली कसली, माझ्या तोंडामुळं गेली. आईची वरात याच मोटारीतून आली होती. गिऱ्हाईक आलं की अण्णा मुद्दाम दुप्पट भाव सांगायचे. पाव्हणा हसायचा, चहा पिऊन वाटेला लागायचा. अण्णा वारल्यावर मीही बापाचीच रीत चालवली. मोटार शेडमधून कधी हलली नाही, तरी दसऱ्याला तिला झेंडूचा हार ठरलेला.

आज पुण्याचे एक गृहस्थ आले. मी दुप्पट सांगितलं. त्यांनी घासाघीस केलीच नाही, नुसता हात पुढं केला. शब्द गेल्यावर मागं कसं फिरायचं? की फिरता आलं असतं?

ट्रकवर चढवताना ड्रायव्हरनं गेल्या दसऱ्याचा वाळका हार काढून माझ्या हातात दिला. तो इथंच टेबलावर आहे. हात लावला की फुलांचा भुगा होतोय.

आई जेवली नाही. भिंतीकडं तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "दुप्पट सांगितलं न्हाईस व्हय?"

"दुप्पटच सांगितलं, आई."

तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

"मग तिप्पट सांगायचं होतंस की."