क्रुशोविकचा रोट

क्रुशोविक, ऑक्टोबरचा पहिला आठवडा

प्रिय स्रेब्रा,

हातात फोन असताना वहिनी कागदावर का लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, आणि तुझा नवरा ब्लागोया मागून ओरडतो, ‘विचार तिला, डोंगरावर बर्फ पडला का?’ नाही पडला. अजून मिरच्या भाजणं चाललंय माझं. कपड्यांना धुराचा वास आहे, बोटं चुरचुरतायत, त्यामुळे अक्षर कसंही आलं तरी सांभाळून घे. हे पत्र तू एकटीनं वाचावंस अशी माझी इच्छा आहे. ब्लागोयालाही आधी दाखवू नकोस. नंतर तुझं तू ठरव.

आधी मला वैतागू दे थोडं. तू माल्मोत बसून फोनवर चालवतेस तो गट, ‘आपलं क्रुशोविक, आपला प्राण’, मी रोज सकाळी कॉफी चुलीवर ठेवून उघडते. त्यात हजारो माणसं आहेत. गावात धूर निघतो तो नऊ धुराड्यांतून, आणि त्यातलं एक माझं. उन्हाळ्यात शाळेचं छप्पर खचलं तेव्हा मी फोटो टाकला. वाटलं, कुणीतरी नगरपालिकेत फोन करील, निदान एखादी ताडपत्री पाठवील. तुम्ही सगळ्यांनी लाल बदाम पाठवले. मेलबर्नच्या बाईनं लिहिलं, ‘किती सुंदर! डोळे भरून आले.’ टोरंटोच्या पांदेनं लिहिलं की ही आपल्या शत्रूंची कारस्थानं आहेत. मी लिहिलं, बाबा रे, पन्हळ तुटली होती, तुळईत पाणी मुरलं आणि तुळई कुजली, शत्रू इथे वर चढून येत नाहीत, त्यांना दम लागतो. त्यावर तो म्हणाला, ‘काकू, तुम्हाला राजकारण कळत नाही.’ नसेल कळत. शाळा बंद पडली त्या वर्षीच तिची पुस्तकं गळक्या खोलीतून हातगाडीवर घालून मी घरी आणली, तुझ्या भावानं त्यांना फळ्या ठोकून दिल्या, आणि एकेक करून मी ती सगळी वाचली. पांदेनं त्या शाळेत पुस्तकानं फक्त माश्या मारलेल्या मला माहीत आहेत.

आणि ते पूर्वज! दोन हजार वर्षांपूर्वी आपण कोण होतो यावर तुमच्यात रोज रणं पेटतात. जग जिंकायला निघालेला राजा आपला, झेंड्यावरचा सूर्य आपला, भाला आपला. ज्याला त्याला त्या राजाच्या घोड्याचंसुद्धा नाव पाठ. आणि मग तीच माणसं मला खाजगीत विचारतात, ‘बोसिल्का काकू, माझ्या आजोबांची कबर कोणती हो? एक फोटो पाठवाल?’ मी जाते. काटेरी झुडपं कापते, दगड पुसते, फोटो पाठवते. तो गटात चढतो आणि खाली झेंड्यांची रांग लागते. माझ्या हाताला ओरखडे पडतात त्याचं मला काही नाही. पण वर्षातून एकदा येऊन झुडपं कापणारा एक नातू मला या सगळ्या झेंड्यांच्या बदल्यात चालला असता.

तुझा भाऊ नाउम गेला तेव्हाचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तुझं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तुला येता आलं नाही, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही, हे पुन्हा एकदा लिहिते. गटात त्याचा फोटो लागला होता, कोकरू खांद्यावर घेतलेला. खाली मेणबत्त्यांची चित्रं संपेचनात. ‘क्रुशोविकचा शेवटचा खरा माणूस’ असं कुणीतरी लिहिलं. मला तो चहात चार चमचे साखर घालणारा, थंडीत पाय माझ्या पायांना लावणारा माणूस म्हणून हवा होता, खरा की खोटा ते राहू दे. आणि त्या दिवशी पेटी उचलायला गावात खांदे कमी पडले. म्हातारा स्पासे म्हणाला, ‘मी एक कोपरा धरतो, पण मग दोघांनाही एकदमच उतरवा.’ शेवटी पलीकडच्या अल्बानियन गावातली तीन माणसं आली. ज्यांच्याकडून नाउम कडबा घ्यायचा, तीच. त्यांनी टोप्या काढल्या, पेटी उचलली, माती लोटली, आणि जेवायला थांबले नाहीत, कारण त्यांचा रोजा होता. हे मी गटात लिहिलं असतं तर अल्बानियन हे नाव वाचूनच तिथे काय पेटलं असतं ते तुला माहीत आहे. म्हणून नाही लिहिलं.

आता रोटाकडे येते. तुला काय समजावायचं, तुझ्याच वडिलांनी तीनदा घेतलेला. पण तुमच्या गटातली नवी पिढी त्याला ‘आपला वारसा’ म्हणते आणि तो म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून माझं मलाच पुन्हा सांगावंसं वाटतं. संत पेत्काच्या सणाला जुना यजमान आणि नवा यजमान दोघांनी एकच रोट चार हातांत धरायचा, त्यावर वाइन ओतायची आणि ओढून मोडायचा. नव्याच्या हातात आलेला तुकडा वर्षभर त्याच्या घरी देवाच्या तसबिरीपाशी वाळत राहायचा, आणि पुढचा सण त्यानं करायचा. हे चार हातांचं काम आहे. नाउमनं तो स्पासेकडून घेतला आणि पुढच्या वसंतात नाउमच गेला. शोकाच्या घराला एक वर्ष माफ असतं. दुसरं नसतं. या वर्षी तो माझ्या घरातून निघाला नाही तर सण संपला, असं आपल्याकडे मानतात, आणि मीही मानते. पुस्तकं वाचून माझं ते मानणं गेलेलं नाही.

गेल्या वर्षी मी दार लावून बसले होते तेव्हा तुम्ही मात्र सण केलात. माल्मोत एक रोट, मेलबर्नमध्ये एक, टोरंटोत एक आणि स्टुटगार्टमध्ये एक. चार शहरं, चार यजमान, आणि मग महिनाभर भांडण की यातला खरा रोट कोणता! मेलबर्नवाले म्हणाले, आमच्याकडे सूर्य आधी उगवतो म्हणून आमचा पहिला. पांदे म्हणाला, आमच्याकडे धर्मगुरू होता, तुमच्याकडे नुसता बँड. तुझ्या ब्लागोयानं तर माल्मोच्या रोटाला झेंड्याचे रंग दिले. अगं, रोट लाल का झाला म्हणून मी फोटो तीनदा मोठा करून पाहिला. इथे गावातला वाळका तुकडा माझ्या तसबिरीपाशी होता, त्याची आठवण एकालाही आली नाही. मी हसले. खरंच हसले. नाउम असता तर त्यानंही त्या लाल रोटाला बिटाची भाजी म्हटलं असतं.

या वर्षी मी दारोदार विचारलं. स्तेवानियाला पाण्याची बादली उचलत नाही. स्पासे म्हणाला, ‘घेतो की, पण पुढच्या वर्षी मला थडग्यापाशी येऊन हाक मारावी लागेल, आणि मला ऐकू कमी येतं.’ मग यागोदा आली. तू तिला पाहिलेलं नाहीस. जर्मनीत आठ-नऊ वर्षं राहून नवरा क्लिमे आणि दोन मुलींना घेऊन परत आलेली. आपल्या गावाला परत आलेलं तेवढं एकच घर. त्यांनी पाणचक्कीजवळचं पडकं घर उभं केलं, बकऱ्या आहेत, चीज करते, बितोलाच्या बाजारात विकते. मला डॉक्टरकडे तीच नेते. गाडीत अख्खा रस्ता बोलते आणि वळणावरसुद्धा माझ्याकडे बघून बोलते, तेव्हा मी डोळे मिटून घेते. भोपळी मिरच्या सोलत माझ्या ओट्यावर बसली होती, तशीच म्हणाली, ‘मावशी, रोट आम्हाला द्या. घरात चूल पेटती लागते ना? आमची तर विझतच नाही, क्लिमेला सारखी भूक लागते.’ मी उठून आत गेले आणि जरा वेळानं तोंड धुऊन बाहेर आले.

बातमी तूच गटात घातलीस. एक दिवस आनंदीआनंद. दुसऱ्या दिवशी पांदेनं विचारलं, ‘ताई, जर्मनीत कोणत्या कागदावर गेला होतात?’ त्या वेड्या पोरीनं सरळ उत्तर दिलं, ‘बल्गेरियाच्या पासपोर्टवर, काका, निम्म्या देशासारखी.’ आपलं मूळ बल्गेरियन आहे असं सांगितल्याशिवाय तो मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय तिकडे काम मिळत नाही; पुढचं तुला माहीत आहे. विकली गेलेली बाई. आईचं नाव पुसणारी. हिनं संत पेत्काच्या रोटाला हात लावला तर आमचे पूर्वज काय म्हणतील. एकानं लिहिलं, हिच्या पोरी आता कोणत्या भाषेत रडणार? आणि तू, स्रेब्रा, तू मतदान लावलंस: ज्यानं कागदावर आपलं राष्ट्र नाकारलं त्याच्या हाती रोट द्यावा की नाही. कुणी मतं दिली बघ जरा. ज्यांना गावाचा रस्ता विचारावा लागेल, त्यांनी. मी ‘द्यावा’वर बोट ठेवलं. आमच्या बाजूला आम्ही मोजकेच होतो, आणि त्यातल्या स्पासेचं बोट मीच धरून ठेवलं होतं.

तुम्हाला वाटतं ते फोनमध्येच राहतं. खालच्या गावच्या शाळेत यागोदाच्या मोठ्या मुलीला पोरांनी घेरलं, ‘तुझी आई बल्गेरियन आहे, तू पण आहेस.’ सात वर्षांची आहे ती. घरी येऊन तिनं आईला विचारलं, ‘मग मी कोण?’ त्या दिवसापासून यागोदा कमी बोलते. गाडी चालवताना रस्त्याकडे बघते. काल क्लिमे बकऱ्यांसाठी गिऱ्हाईक शोधत आला होता. सणानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रक ठरवलाय, परत स्टुटगार्टला. मी यागोदाला म्हटलं, अगं, त्या लोकांना रोट मोडायचा कसा ते माहीत नाही, त्यांचं काय ऐकतेस? ती म्हणाली, ‘मावशी, तुम्ही द्याल तर मी हातात घेईन. पण शंभर माणसं मला एकटीला चोर म्हणतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या खिशात तोच पासपोर्ट आहे. एकजण म्हणाला असता ना, की माझ्याही खिशात आहे, तर मी राहिले असते.’

बारा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तू आणि ब्लागोया माझ्याच चुलीपाशी बसून त्याच पासपोर्टसाठी बोलायची वाक्यं पाठ करत होतात. ‘माझ्या आजीचं मूळ बल्गेरियन आहे.’ ब्लागोया दर वेळी आजीच्या जागी मूळ आणि मुळाच्या जागी आजी म्हणायचा. नाउमनं विचारलं, ‘कोणती आजी गं? आपली? तिला विचारलंस का?’ आम्ही सगळे हसलो आणि मग तू एकदम रडायला लागलीस. म्हणालीस, ‘दादा, मी हे बोलले तर मी कोण राहीन?’ तुझा भाऊ लाकडं सारत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, ‘कागद आहे तो. कागदानं आई बदलत नाही. जा, पोरांना शिकव.’ तू गेलीस. पोरं शिकली, एक डॉक्टर झाला. मी त्यात कधी काही वाईट पाहिलं नाही, आजही पाहत नाही. मला कळत नाही ते एवढंच, की मतदान लावताना तुझा हात कसा धजावला.

हे गटात लिहिणं मला एका बोटाचं काम होतं. मी लिहिणार नाही. तू लिहिलं नाहीस तरी लिहिणार नाही, कुणाला सांगणारही नाही, म्हणून तर कागद घेतला. पण सणाच्या आधी तू स्वतः, तुझ्या नावानं, एक ओळ लिहावीस असं मी मागते आहे: माझ्याकडेही तोच पासपोर्ट आहे. पांदे तुला काय काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. मेलबर्नवाले गट सोडतील, ब्लागोया आदळआपट करील, माल्मोच्या हॉलमध्ये बायका तुझ्याशेजारून उठून दुसरीकडे बसतील. फुकट मिळणार नाही हे. नाउमनं तुला जे वाक्य दिलं ते त्यालाही फुकट पडलं नव्हतं, तू गेल्यावर तो आठवडाभर जेवला नव्हता. तेच आता तू यागोदाला दे, कारण तिच्या घरात तिला ते म्हणणारा भाऊ नाही, आणि मी म्हटलेलं पुरत नाही. आदल्या दिवशी मी पीठ मळीन आणि सकाळी चर्च उघडीन. यागोदाला या पत्राबद्दल काही सांगितलेलं नाही. तू लिहिशीलच याची मला खात्री नाही, आणि जे माझ्या हातात नाही ते मी कुणाच्या पानात वाढत नाही.

तुझीच,
बोसिल्का वहिनी