भिंतीच्या खेळातली तुझी पणती

बा, तुझी पणती विमानानं जग फिरून आली. एकदा नाही, इतक्या वेळा की तिच्या पासपोर्टात शिक्का मारायला जागा उरली नाही म्हणे. मागच्या महिन्यात तिनं परदेशात मोठा कप जिंकला. लेकानं मोबाईल डब्याला टेकवून उभा केला, मी चष्मा पुसून बसले, शेजारीण कुकर बंद करून पळत आली. काचेची खोली, बा! चारी बाजूंनी काच, बाहेर माणसं खुर्च्या टाकून बसलेली, आणि आत आपली पोर. शेजारीण म्हणते, "मावशी, ह्या दोघी एकाच भिंतीला मारून राहिल्या. मधी जाळी न्हाई काई न्हाई, मग भांडण कशाचं?" मी म्हटलं, "चेंडू दोनदा जमिनीला टेकला की मेला. जिच्या वाटणीचा मेला ती हरली." ती माझ्याकडं बघतच राहिली. चौथी शिकलेल्या म्हातारीला स्क्वॉश कसं कळतं? तिला काय ठाऊक माझा बा कोण होता.

तर पोर जिंकली. एक हात वर केला आणि दुसऱ्या हाताची मूठ छातीच्या मधोमध दाबून धरली. लोकांना वाटलं आनंदानं. टाळ्यांचा नुसता पाऊस. मी पण वाजवत होते, पण माझे हात मधेच थांबले. ती मूठ मी आधी बघितली होती.

तू झाडलोटीला होतास तो नांदेडचा क्लब आता राहिला नाही. तिथं दुकानं झालीत, मागच्या साली रिक्षातून जाताना बघितलं. पण मला ती खोली अजून दिसते. पांढऱ्या उंच भिंती, वर जाळीची खिडकी, खाली टिनाची पट्टी, आणि भिंतीत बसवलेलं बुटकं दार. साहेब लोक खेळून गेले की भिंतीवर चेंडूचे काळे डाग पडायचे, ते तू ओल्या फडक्यानं पुसायचास. मी बादली धरायची. आपण धम्माची दीक्षा घेऊन थोडीच वर्षं झाली होती. झाडू घेऊन तुला आत जायची मोकळीक होती, रॅकेट घेऊन नव्हती. पण एका साहेबानं मोडकी रॅकेट फेकली आणि तू ती मासे धरायच्या दोऱ्यानं विणून काढलीस. चेंडू मात्र झिजलेलाच मिळायचा. थंड चेंडू उसळत नाही म्हणून तू तो काखेत धरून गरम करायचास, आणि मला हसू यायचं.

उन्हाळ्यात दुपारी क्लब झोपलेला असतो. तू आत जातोस, मी बाहेरून कडी घालते आणि झाडू घेऊन पायरीवर बसते. बाहेरून कडी दिसली की आत कुणी असेल असं कुणाला वाटत नाही, ही तुझीच अक्कल. आतून ठप्, ठप् ऐकू येतं. मधेच टण्ण झालं की समजायचं टिनाला लागला, बा चुकला. तू फार कमी चुकायचास. आतून तीन ठोके आले की कडी काढायची. एकदा दोन ठोके आले तर मी उघडलं. ते ठोके नव्हतेच, चेंडू दाराला लागला होता. समोरून सेक्रेटरी येत होता आणि तू रॅकेट पायाखाली लपवून भिंत पुसायला लागलास. घरी आल्यावर माझा कान धरलास. "तीन म्हंजी तीन. दोनावर उघडशील तर माझी नोकरी गेली समज." आयुष्यात तेवढंच एकदा तू मला ओरडलास.

त्या उन्हाळ्यात तू दोन-तीनदा पायरीवर बसलास, मूठ छातीवर दाबून. ओठ राखेसारखे. "वारा धरलाय," म्हणालास, "आईला सांगू नको." मी नाही सांगितलं. मग ती दुपार. ठप्, ठप्, लई जोरात चाललेलं. मग टण्ण. मग काहीच नाही. मग दारावर दोन ठोके आले, बारीक. मी कडीला हात लावला आणि थांबले. तिसऱ्याची वाट बघत. खानसामा चहाला उठेपर्यंत मी वाट बघितली, बा.

लोकांनी ऊन लागून गेलास म्हणून सांगितलं. आईनंही तेच मानलं. दोन ठोक्यांचं मी कुणाला बोलले नाही, नवऱ्याला नाही, लेकाला नाही. आता त्या गोष्टीला साठ वर्षं होत आली.

म्हणून तर लेकाची बदली पुण्याला झाली आणि तिथल्या शाळेतून पोर रॅकेट घेऊन आली, तेव्हा मला भीती वाटली होती. तेवढाच हर्ष पण झाला. आठव्या वर्षी तिचं मनगट असं फिरायचं की मी तिला जवळ घेऊन विचारलं, "कुणी शिकवलं गं?" म्हणाली, "कुणी नाही, आजी, असंच येतं." पुढं ती महाराष्ट्रात पहिली आली, मग देशात, मग पैसे घेऊन खेळणाऱ्यांत गेली. इजिप्तच्या पोरींशी खेळते, त्या म्हणे ह्या खेळातल्या वाघिणी. लेक मुदतीआधीच रिटायर होऊन लातूरला आला, आम्ही इथं घर बांधलं, पण तिचं घर म्हणजे बॅगच.

कप घेऊन चार दिवस आली होती. कॉलनीत पोस्टर लागलं. मला साडी आणली, मलेशियाची, इतकी तुळतुळीत की अंगावर ठरत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारत होती. मी मिरच्या वाळत घालत होते. दोरीचा आवाज थांबला. वळून बघते तर पाण्याच्या ड्रमला टेकून बसलेली, मूठ छातीवर, ओठ राखेसारखे.

"काय होतंय गं?"

"काही नाही. ॲसिडिटी."

"खरं सांग."

"फायनलला एकदा डोळ्यांपुढं अंधार आला होता. तरी पॉइंट घेतला ना?" हसली. मग माझा हात घट्ट धरला. "आजी, पप्पांना सांगायचं नाही. पुढच्या आठवड्यात सगळ्यात मोठी स्पर्धा आहे. इतकी वर्षं तिच्यासाठीच घातलीत मी. शपथ घे."

मी घेतली, बा. एक दिवस पाळली पण. दुसऱ्या दिवशी रिक्षा दारात आली, बॅगा ठेवल्या, सून दहीसाखर हातावर घालत होती, आणि मी रिक्षाच्या पुढं जाऊन उभी राहिले. "हिच्या छातीत कळ येऊन राहिली. चक्कर बी आली व्हती. मॅच राहू द्या, दवाखान्यात न्या."

"आजी!" एवढंच म्हणाली. लेक म्हणतो, "आई, काहीतरीच काय, तिचा फिटनेस बघ." रिक्षावाला म्हणतो, "मावशे, गाडी चुकंल." मी हलले नाही.

लातूरच्या डॉक्टरनं छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली आणि ती लई वेळ बघत बसला. मग विचारलं, "घरात कुणी लहान वयात अचानक गेलंय?" लेक म्हणाला, "नाही, कुणीच नाही." मी म्हटलं, "हाव, गेलाय. माझा बा. खेळता खेळता." लेक वळून बघायला लागला. तिथंच, त्या नर्सबाईसमोर, मी त्याला सगळं सांगितलं. ठोक्यांचं पण. पोर तेवढी खिडकीतून बाहेर बघत राहिली.

हैदराबादला नेऊन मशिनीत घातलं. रिपोर्ट उद्या यायचाय. तोवर जिना सुद्धा हळू चढायचा. स्पर्धेतून नाव काढलं. पोर खोलीत पडून असते, ताट ठेवलं तर घेते, पण माझ्याकडं बघत नाही. काल एकदाच बोलली. "रिपोर्ट चांगला आला ना, तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही. तू मला संपवलंस." मी म्हटलं, "बरं."

ही वही मी पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे. कुणाच्या हाती लागायला नको, ह्या पुढच्या ओळीसाठी. आज सकाळी विहारात वंदनेला बसले होते. ओठ चालले होते, आणि मनात आलं, रिपोर्टात काहीतरी निघू दे. पोर वाचू दे, हे मी मागितलंच, बा. पण मी खोटी पडू नये, हे आधी मागितलं.