मोहफुलांवर लाख गाड्या

आलापल्ली, फेब्रुवारी १९८५

फार थकलो. गोंडी येते म्हणून शिलाईचं दुकान बंद ठेवून आज उमेदवाराचं भाषण पाड्यावर समजावत फिरलो. कालचा उमेदवार म्हणाला होता, देशात मोहफुलांच्या स्पिरिटवर हजार गाड्या चालवू. आजचा म्हणाला, लाख. लाखाला गोंडीत काय म्हणावं, सुचेना.

म्हाताऱ्या चिन्नीबाईनं गोंडीत विचारलं, "फुलं गाड्यांनी पेली, तर पावसाळ्यात आम्ही काय खायचं?"

मी उमेदवाराला सांगितलं. तो म्हणाला, "सांग ना भाऊ काईतरी. उशीर होऊन राह्यला."

काहीतरी म्हणजे काय? ती माझ्याकडेच बघत होती. "बाई, यांच्याकडे उत्तर नाही," मी गोंडीत सांगून टाकलं.

उमेदवाराच्या ड्रायव्हरला गोंडी समजत होती; त्यानं सांगितलं. मला जीपमध्ये घेतलं नाही.

पायी निघालो. नाल्यापर्यंत चिन्नीबाई सोबत आली.